रिपोर्ट नॉर्मल, गोळी चालू, मग तळपायांची आग कशाची?

शादीच्या घरी किंवा कुणाच्या अकीक्याला चार बायका एकत्र बसल्या की कधी ना कधी बोलणे थायरॉईडवर येतेच. "तुमची कितीची?" "माझी पन्नासची." "माझी पंचाहत्तरची होती, आता शंभरची केली." हे आकडे म्हणजे लेव्होथायरॉक्सिन या गोळीतले मायक्रोग्रॅम. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद आणि गोवा अशा आठ ठिकाणी पाच हजारांवर प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १०० पैकी जवळपास ११ जणांचा थायरॉईड मंद असल्याचे आढळले. पुरुषांपेक्षा बायकांत हे प्रमाण जास्त होते. म्हणजे हा आजार आता घराघरांतला आहे.

त्याच बोलण्यात एक वेगळी तक्रारही हळूच निघते. गोळी वेळेवर चालू आहे, टीएसएचचा रिपोर्ट नॉर्मल आला आहे, पण रात्री तळपायांची आग होते. बोटांना मुंग्या येतात. सुया टोचल्यासारखे वाटते. मध्येच पोटरीतून वीज गेल्यासारखी कळ येते. चादर पायाला लागलेली सोसत नाही. अशी तक्रार केली की बाईला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. डॉक्टरकडे गर्दी असेल तर "रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका". घरी किंवा शेजारी "ही गोळीच अंगावर येतेय, बंद करून बघ".

आमच्या मते ही दोन्ही उत्तरे धोक्याची आहेत. पहिल्या उत्तराने दुखण्याचे खरे कारण दडून राहते. दुसऱ्याने एका आजारात आणखी एका आजाराची भर पडते. खरा मार्ग तिसरा आहे. गोळी चालू ठेवायची आणि दुखण्याचे कारण क्रमाने शोधायचे. हे शोधणे कसे करायचे, तेच या लेखात आम्ही मांडत आहोत.

थायरॉईडचा नसांशी संबंध काय?

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिच्यातून निघणारे हार्मोन शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीचा वेग ठरवते. ते कमी पडले की सगळेच मंदावते. थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतो, केस गळतात, वजन वाढते, आवाज जड होतो. नसांवरही परिणाम होतो आणि तो दोन प्रकारे होतो. एक म्हणजे शरीरातल्या ऊतींमध्ये चिकट द्रव साठतो आणि जिथे नस अरुंद जागेतून जाते तिथे ती दाबली जाते. मनगट हे त्याचे ठरलेले ठिकाण. दुसरे म्हणजे, आजार बरीच वर्षे उपचाराविना राहिला तर पायांच्या लांब नसाच कमजोर होतात.

म्हणून गोळी सुरू झाल्यावर नसांचे दुखणे लगेच थांबत नाही. इजा झालेली नस फार सावकाश वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. टीएसएचचा आकडा दोन महिन्यांत जागेवर येऊ शकतो. नसांना मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तेव्हा गोळी नुकतीच सुरू झाली असेल आणि दुखणे हळूहळू का होईना कमी होत असेल, तर धीर धरायला हरकत नाही. पण गोळी वर्षानुवर्षे चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तरी दुखणे नव्याने सुरू झाले किंवा वाढत गेले, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

गोळीवरचा एक जुना संशय

आपल्याकडे काही बायका ही गोळी मनात एक शंका ठेवून घेतात आणि थोडे दुखले की त्याच शंकेने ती सोडतात. शंका अशी की ही गोळी डुकराच्या ग्रंथीपासून बनते. हे एकदा स्पष्ट झालेले बरे.

१८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका रुग्ण बाईवर उपचार केले. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. पुढे जनावरांच्या वाळवलेल्या ग्रंथीची पूड वापरात आली आणि तिच्यात डुकराची ग्रंथी असे. अशी पूड काही देशांत आजही "नैसर्गिक थायरॉईड" या नावाने विकली जाते. पण १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ साली इंग्लंडमध्ये ते प्रयोगशाळेत तयारही झाले. आज डॉक्टर जी लेव्होथायरॉक्सिनची गोळी लिहून देतात, तिच्यातले औषध कारखान्यात रसायनांपासून बनते, कुठल्याही जनावराच्या ग्रंथीतून काढलेले नसते. मात्र परदेशातून कुणी "नैसर्गिक" म्हणून गोळ्या पाठवत असेल, तर बाटलीवरचे लिखाण नीट वाचा.

आमच्या आपाची गोष्ट

आमच्या मोठ्या आपाचे वय ५२. थायरॉईडची ७५ची गोळी ६ वर्षांपासून. त्याआधीपासून, ९ वर्षे, साखरेसाठी मेटफॉर्मिन. शिवाय छातीत जळजळते म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची एक कॅप्सूल. दोन वर्षांपूर्वी तिच्या तळपायांची आग सुरू झाली. ती रात्री उठून मोरीत जायची आणि पायांवर गार पाणी ओतायची. जवळच्या दवाखान्यात दाखवले तर टीएसएच २.८, म्हणजे नॉर्मल. वयोमानाने होते असे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्यांनी फरक पडला नाही.

मग कुणीतरी सांगितले की थायरॉईडच्या गोळीने नसा सुकतात. आपाने कुणाला न सांगता गोळी सोडली. पाच आठवड्यांत तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज घोगरा झाला, पायऱ्या चढताना धाप लागू लागली. टीएसएच १९ वर गेला. पायांची आग होती तेवढीच राहिली. गोळी बंद केल्याने काही सिद्ध झाले असेल तर एवढेच की दोष गोळीचा नव्हता.

घरच्यांनी तिला मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी सगळ्या औषधांची पाकिटे टेबलावर मांडायला लावली. मग कंप पावणारा लोखंडी चिमटा तिच्या घोट्याच्या हाडावर टेकवून विचारले, "थरथर जाणवते का?" आपाला जाणवतच नव्हती. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व तपासले. ते १४८ निघाले. २००च्या खाली गेले की ते कमी मानतात.

आम्ही सगळे चकित झालो. आठवड्यातून तीन दिवस मासे, जुम्म्याला मटण, अशा घरात बी-१२ कमी कसे? हाच गैरसमज आपल्या समाजात सगळ्यांत जास्त आहे. बी-१२ची कमतरता फक्त शाकाहारी माणसाला होते असे आपण धरून चालतो. डॉक्टरांनी सांगितले की ताटात बी-१२ असून भागत नाही, ते पोटातून रक्तात उतरावे लागते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतले की ते कमी उतरते. ॲसिडिटीच्या कॅप्सूलने पोटातले आम्ल कमी होते, त्यामुळेही कमी उतरते. शिवाय थायरॉईडचा आजार ज्यांना शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे झालेला असतो, त्यांच्यापैकी काहींच्या जठरावरही तीच प्रतिकारशक्ती उलटते आणि बी-१२ शोषण्याची सोयच मोडते. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली ज्या थायरॉईड आजाराचे वर्णन केले, तो याच जातीचा.

आपाला बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली आणि थायरॉईडची गोळी पुन्हा चालू केली. दीड-दोन महिन्यांनी तिला रात्री झोप लागू लागली. अंगठ्यांच्या टोकांची बधिरता मात्र आजही थोडी आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर तीही राहिली नसती. हे शेवटचे वाक्य आम्ही वाचकांसाठी मुद्दाम लिहीत आहोत.

आधी गोळी घेण्याची पद्धत तपासा

लेव्होथायरॉक्सिन ही नाजूक गोळी आहे. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर आणि नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. चहा-कॉफी, दूध, सोयाबीन, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिचे शोषण कमी करतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत आणि हिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. कित्येक बायका सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घेतात आणि मग डोस वाढत जातो.

आपल्याकडे यावर सोपा उपाय आहे. फजरला उठल्याबरोबर गोळी घ्यावी. वुजू, नमाज आणि थोडी तिलावत होईपर्यंत अर्धा-पाऊण तास निघून जातो. मग चहा.

गोळी ओल, ऊन आणि उष्णता यांपासून जपावी. चुलीशेजारच्या फळीवर किंवा खिडकीत बाटली ठेवू नये. एखाद्या दिवशी चुकली तर घाबरू नये, कारण या औषधाचा असर शरीरात बरेच दिवस टिकतो. अर्धे औषध बाहेर जायलाच साधारण सात दिवस लागतात. याच कारणाने डोस बदलल्यावर टीएसएच आठवड्याभरात तपासण्यात अर्थ नसतो. ६ ते ८ आठवडे थांबून तपासावे.

फ्रान्समध्ये काय झाले

गोळी बदलल्याने त्रास होऊ शकतो का? या प्रश्नावर फ्रान्समध्ये मोठे प्रकरण झाले. तिथे सुमारे ३० लाख लोक मर्क कंपनीची लेव्होथायरॉक्स ही गोळी घेत होते. मार्च २०१७ मध्ये कंपनीने गोळीतले मूळ औषध तेच ठेवून बाकीचे घटक बदलले. लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातले. काही महिन्यांत हजारो लोकांनी तक्रारी केल्या. थकवा, चक्कर, डोकेदुखी, केस गळणे, स्नायूंत गोळे, अंगदुखी. अनेकांचा टीएसएच नॉर्मल होता, म्हणून त्यांना कुणी मनावर घेईना. जुनी गोळी परत आणा या मागणीवर लाखो सह्या झाल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जुन्या घटकांची गोळी वेगळ्या नावाने परत उपलब्ध करावी लागली.

सरकारी तपासणीत नव्या गोळीत विषारी असे काही सापडले नाही. पण २०२० मध्ये ल्यों शहरातल्या वरिष्ठ न्यायालयाने कंपनीला तीन हजारांवर रुग्णांना प्रत्येकी १००० युरो द्यायला सांगितले. कारण असे की बदलाची माहिती रुग्णांना नीट दिली गेली नव्हती. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. मेडिकलवाला "कंपनी वेगळी आहे, औषध तेच" म्हणून दुसरी बाटली देतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, पण शक्य तोवर एकाच कंपनीची गोळी घ्यावी. बदलावी लागली तर तारीख लिहून ठेवावी आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करावा. दुसरी गोष्ट, दुखणे केव्हा सुरू झाले आणि गोळी केव्हा बदलली या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तरच संशयाला उत्तर मिळते.

डोस गरजेपेक्षा जास्त झाला तरी त्रास होतो. छातीत धडधड, हाताला कंप, झोप न येणे, वजन घटणे ही त्याची लक्षणे. ती असतील तर नसांच्या दुखण्याबरोबर तीही डॉक्टरांना सांगा.

रिपोर्टही फसवू शकतो

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची सध्या चाल आहे. थायरॉईडच्या रुग्णांचे केस गळतातच, त्यामुळे त्या गोळ्या त्यांच्याच घरात जास्त. बायोटिनमुळे रक्ततपासणीच्या काही पद्धती चुकीचा आकडा दाखवतात. टीएसएच असतो त्यापेक्षा कमी आणि टी-४ असतो त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. अशा रिपोर्टवर डोस कमी केला गेला तर रुग्णाचे नुकसान होते. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवावे आणि आपण ते घेतो हे लॅबमध्ये सांगावे.

बी-१२चेही तसेच आहे. "नसांची गोळी" किंवा ताकदीचे इंजेक्शन आधी घेतले आणि रक्त नंतर दिले, तर आकडा चांगला येतो आणि मूळ कारण लपते. आधी रक्त, मग इंजेक्शन, हा क्रम पाळा. आणि फक्त फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांवर राहू नका. त्यांनी रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ कमी असेल तर नसांची इजा चालूच राहते.

आणखी कुठे शोधायचे?

साखर. भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून आला. पायांची आग होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. साखर थोडीच वाढलेली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असली तरी नसा दुखू शकतात. एचबीए-१सी तपासून घ्यावे.

मनगट. अंगठा, पहिले बोट, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढ्याच भागात मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावासा वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली गेलेली असण्याची शक्यता मोठी. कणिक मळणे, कपडे पिळणे, शिलाई मशीन यांनी ती वाढते. रात्री मनगटाला पट्टा बांधण्यापासून उपचार सुरू होतात.

पाठीचा कणा. दुखणे एकाच पायात, कमरेपासून खाली उतरणारे असेल, तर ते थायरॉईडचे नसून मणक्याचे असू शकते.

कुष्ठरोग. नाव काढले की लोक गप्प होतात, म्हणून आम्ही मुद्दाम लिहितो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर स्पर्श जाणवत नसेल, कोपराजवळची नस जाड लागत असेल, तर लगेच दाखवा. सरकारी आरोग्य केंद्रात याचे औषध फुकट मिळते आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर केला तर बोटे वाकडी होतात.

औषधे आणि कुश्ते. टीबीच्या आयसोनियाझिड या औषधाने नसा दुखू शकतात, म्हणून त्याबरोबर बी-६ देतात. पण बी-६ स्वतःच्या मनाने मोठ्या प्रमाणात महिनोन्महिने घेतले तर तेच नसांना इजा करते. काही कुश्ते आणि भस्मांत शिसे, पारा, आर्सेनिक सापडल्याची उदाहरणे आहेत. हे धातू नसांचे शत्रू आहेत. हकीमसाहेबांकडून काही घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

थायरॉईडचे ऑपरेशन. ऑपरेशननंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायांत गोळे येत असतील, तर रक्तातले कॅल्शियम कमी झालेले असू शकते. यात वाट पाहू नये.

एवढे सगळे पाहूनही काही सापडले नाही, नसांची विजेच्या यंत्रावरची तपासणीही नॉर्मल आली, तरी दुखणे खोटे ठरत नाही. ती तपासणी जाड नसांची असते. आग आणि टोचणी वाहून नेणाऱ्या नसा फार बारीक असतात आणि त्या त्या यंत्रावर दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. कारण सापडले नाही तरी आग कमी करणारी औषधे आहेत. त्यांनी झोप आणि गुंगी येते, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत.

एक साधी गोष्टही लक्षात ठेवावी. नमाजमध्ये बराच वेळ बसल्यावर पाय बधिर होणे आणि उठल्यावर दोन-चार मिनिटांत बरे वाटणे हा आजार नाही. बसल्याने नस दाबली जाते, एवढेच.

केव्हा धावायचे?

पायांतली ताकद एक-दोन दिवसांत कमी होऊन अशक्तपणा वर चढू लागला, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, चेहऱ्याची किंवा शरीराची एक बाजू अचानक बधिर झाली, बोलणे अडखळले, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जा. २०२५च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली होती. त्याची सुरुवात पायांच्या मुंग्या आणि अशक्तपणाने होते. तिथे वेळेवर पोचण्याचे महत्त्व साऱ्या राज्याने पाहिले.

रमजानमध्ये गोळी

रमजानमध्ये बऱ्याच बायका ही गोळी सहरीच्या जेवणाबरोबर घेतात किंवा महिनाभर सोडून देतात. दोन्ही टाळता येते. एक मार्ग असा की सहरीच्या तयारीला उठताच गोळी घ्यावी, स्वयंपाक गरम करावा आणि अर्ध्या-एक तासाने जेवावे. दुसरा मार्ग, इफ्तारनंतरचे जेवण लवकर उरकून, तरावीहनंतर झोपताना, पोटात तीन तास काही गेलेले नसताना घ्यावी. यांतली एक वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या इफ्तारच्या बाजूला न्या. रमजान संपल्यावर एकदा टीएसएच करा. मधुमेहही असेल तर रोजे धरण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्याच. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, तिचा संकोच वाटू देऊ नये.

पाय बधिर असतील तर रोजची काळजी वेगळी घ्यावी लागते. वुजूचे गरम पाणी पायाने अजमावू नका, कोपराने किंवा दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्या. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. झोपण्याआधी तळपाय आरशात पाहा, कारण न दुखणारी जखमच मोठी होते. उन्हात तापलेल्या गच्चीवर अनवाणी जाऊ नका. शेकण्यासाठी गरम पाण्याची पिशवी लावू नका.

डॉक्टरकडे जाताना एक कागद

डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून घरीच एका कागदावर लिहून न्या. दुखणे कधी सुरू झाले? नेमके कुठे? दोन्ही पायांत की एकाच? रात्री वाढते का? आग, मुंग्या, बधिरता की कळ? थायरॉईडची गोळी किती वर्षांपासून, कितीची, कुठल्या कंपनीची, कशाबरोबर घेता? बाकीच्या सगळ्या गोळ्या, त्यात केसांच्या, ताकदीच्या आणि हकिमाच्याही. मागच्या दोन-तीन वर्षांचे टीएसएच तारखांसह. आणि शेवटी थेट विचारा, "बी-१२, एचबीए-१सी आणि पायांची स्पर्शतपासणी झाली आहे का?" या प्रश्नाने कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

घरच्यांसाठीही दोन शब्द. नसांचे दुखणे दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, जखम नाही. म्हणून बाई "नाटक करते" असे सासरी म्हटले जाते, कुणी नजर लागली म्हणतो, कुणी तावीज आणून देतो. दुआ जरूर करा, पण रक्तही तपासा. शिफा देणारा अल्लाह आहे आणि औषध शोधण्याचे काम त्याने माणसावर सोपवले आहे. आपल्या अम्मीने, बीबीने, सुनेने रात्री पाय दुखतात म्हणून सांगितले तर आधी विश्वास ठेवा. मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा, बाहेर थांबू नका, आत बसा आणि तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या. कागद तुमच्या हातात असू द्या. गोळी मात्र, कारण सापडेपर्यंत आणि सापडल्यावरही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.